बदकाखालचं शून्य

सोमवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला काटेसाहेब मुलाच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभे राहिले आणि काट्याने त्यांना एकाहत्तर किलो दाखवलं. हे शक्य नव्हतं. ते उतरले, चष्मा पुसला, पुन्हा चढले. एकाहत्तर. खिशातलं नेलकटर काढून बेसिनच्या कडेला ठेवलं, कमरेचा पट्टा काढला, श्वास सोडला. एकाहत्तर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पाच आठवडे आधी लेकीकडे आणि मग मुलाकडे बसून खातोय, येणारच अंगावर. काटेसाहेबांच्या मनाला हे शिवलंही नाही. त्यांचं वजन अडुसष्ट होतं. गेली तीस वर्षं अडुसष्टच होतं, आणि ही नुसती घरगुती बढाई नव्हती, सरकारी बाब होती. वजनमापं खात्यात निरीक्षक असताना गोदामांमधले मोठे काटे तपासायला वीस-वीस किलोंची प्रमाण वजनं लागत. ती आणणारी गाडी दोनातून एकदा बंद पडलेली असे. मग काटेसाहेब बूट काढून स्वतःच काट्यावर उभे राहत आणि गोदामवाल्याला म्हणत, ‘अडुसष्ट दाखवतोय का बघा.’ खात्यातले लोक म्हणायचे, साहेबांनाही प्रमाण वजनांसारखं रोज संध्याकाळी मखमलीच्या पेटीत ठेवून कुलूप लावायला हवं. काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी पाडलेलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी बायकोच्या माहेरच्यांनीही तेच उचललं. तेव्हा एकाहत्तर म्हणजे आपण जाड झालो, असं त्यांना वाटलं नाही. एकाहत्तर म्हणजे काटा चुकला.

घरात कुणी नव्हतं. सून बायकोला घेऊन मेहुणीकडे गेली होती, नातही त्यांच्याबरोबर. मुलगा कारखान्यात. काटेसाहेबांनी दोन्ही बाह्या वर सारल्या. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत तपासण्यासारखं फार काही हाताला लागलं नव्हतं. भाजीवाल्याकडे गेले की बायको बाही ओढून पुढे न्यायची. त्यांनी स्वयंपाकघरातून लिटरचं माप आणलं. बादली काट्यावर ठेवली आणि मोजून दहा लिटर पाणी ओतलं. उन्हाळ्यातलं पाणी किंचित हलकं असतं, तेवढी सूट त्यांनी त्याला मनातल्या मनात दिली. बादली एक किलो, पाणी दहा. काटा चौदावर. आणखी दहा ओतले. चोवीस. म्हणजे चढ बरोबर होती. दर दहाला दहाच वाढत होते, ग्रॅमचीही लबाडी नव्हती. काटा प्रामाणिक होता, फक्त त्याची सुरुवात खोटी होती. असे काटे त्यांनी नोकरीत शेकड्याने पकडले होते. पारड्याखाली मेण लावलेले, लोहचुंबक चिकटवलेले, पोटातून पोकळ केलेली वजनं. पण घरातला काटा घरातल्या माणसांना कशाला फसवील? त्यांनी वाकून तबकडी पाहिली. शून्य ते पाच या आकड्यांवर काचेवर एक पिवळं बदक चिकटवलेलं होतं. नात सहा वर्षांची. तिने फ्रिजवर हत्ती, रिमोटवर सिंह आणि आजोबांच्या चष्म्याच्या डबीवर माकड चिकटवलं होतं, तेव्हा वजनकाट्यावर बदक असणं म्हणजे घराच्या रीतीला धरूनच होतं. गेले नऊ दिवस ते बदक त्यांना रोज सकाळी दिसत होतं. नऊ दिवस त्यांनी त्याच्या पोटाखाली पाहिलं नव्हतं. नव्या निरीक्षकांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत: माल बघू नका, दुकानदाराचं तोंड बघू नका, आधी रिकामा काटा बघा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी नखाने बदक सोलून काढलं. बदकाचे दोन तुकडे झाले. बादली उतरवली. रिकामा काटा तीनावर उभा होता.

मागच्या बाजूला स्क्रू होता. तो त्यांनी नाण्याने फिरवला, काटा शून्यावर आणला, बादलीने दोनदा खात्री केली, स्वतः चढून अडुसष्ट घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, ‘बरोबर आहे.’ नोकरीत काटा पास झाला की ते एवढंच म्हणत. शाबासकी नाही, उपदेश नाही. हे दोन शब्द ऐकण्यासाठी दुकानदार सकाळपासून दुकान झाडून बसलेले असत. बाथरूममध्ये ते शब्द जरा घुमले. मग त्यांनी फरशी पुसली, माप जागेवर ठेवलं आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले. फार दिवसांनी कामाचं समाधान अंगावर आलं होतं. संध्याकाळी मुलाला कसं सांगायचं हेही त्यांनी ठरवलं. मुलगा बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात तपासणी विभागात होता आणि तिथे हजारात तीन सदोष झाकणं चालतात असं एकदा जेवताना म्हणाला होता. ‘आमच्याकडे एकही चालत नसे,’ असं ते तेव्हा बोलले होते. आज पुरावा होता.

समोरच्या इमारतीत एक बाई पडदे काढत होती. दुपारचं ऊन गॅलरीच्या जाळीतून त्यांच्या पायांवर चौकोन पाडत होतं. यंदाचा उन्हाळा बरा चाललाय, असं त्यांना वाटलं. हिवाळ्यात बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा असा उन्हाळा येईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, वजन टिकतंय तोवर काळजी नाही. शेहेचाळीसच्या खाली जाऊ देऊ नका. डॉक्टरांनी दुसरंही पुष्कळ काही सांगितलं असेल, पण काटेसाहेबांच्या हाती आकडा लागला आणि बाकीचं सुटलं. निघताना दवाखान्याच्या काट्यावर साडेशेहेचाळीस होतं. लेकीकडे उतरल्यावर रोज सकाळी चहाच्या आधी वजन, हा नेम लेकीनेच घातला. तिच्याकडे बॅटरीवरचा काटा, आकडा क्षणभर दिसून विझणारा. बायको वाकेपर्यंत तो गेलेला असे. म्हणून लेक आत उभी राहून वाचायची, ‘शेहेचाळीस पाचशे, आई’, आणि बाहेर काटेसाहेब खिशातल्या वहीत लिहायचे. त्या घरात सगळे कसे वागले! व्याही म्हणजे आपली आरामखुर्ची साक्षात यमालाही न देणारा माणूस. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात ती आपणहून उचलून खिडकीशी आणून ठेवली आणि बायकोला म्हणाले, ‘बसा, इथे वारा येतो.’ मामेभाऊ एवढ्या लांबून एका दिवसासाठी आला, जेवला, निघताना दारात उगाच उभा राहिला. आणि मेहुणी. मेहुणी आठ वर्षं बोलत नव्हती, एका कपाटावरून, जे कपाट आता दोघींकडेही नव्हतं. ती मुलाच्या घरी दुसऱ्याच दिवशी येऊन बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. काटेसाहेबांनी याचा अर्थ असा लावला होता की वय झालं की माणसं सुधारतात. त्यांनी तो सुनेलाही बोलून दाखवला होता. सून ‘हो ना, बाबा’ म्हणाली आणि भांडी घासायला गेली, ती भांडी आधीच घासलेली होती.

घासलेली भांडी. ती आठवण मनात उगाच अडकून बसली. समोरच्या बाईने पडदे झटकले. आकड्यांच्या बाबतीत काटेसाहेबांना कधी कागद लागला नव्हता. दुकानदाराच्या चार वजनांतल्या चुकांची बेरीज ते पायऱ्या उतरता उतरता करत. आणि त्या दुपारी एक साधी, तिसरीतल्या पोराने करावी अशी वजाबाकी त्यांच्या पुढ्यात सव्वाबारापासून पडून होती आणि ते तिला ओलांडून व्याह्यांच्या आरामखुर्चीपर्यंत, मेहुणीच्या कपाटापर्यंत जाऊन येत होते. साडेतीनला ती त्यांच्याकडून झाली. त्यांनी केली असं म्हणता येणार नाही. काटा तीन किलो चढा होता. त्याच काट्यावर बायको आज सकाळी साडेशेहेचाळीस होती. ते खुर्चीतच बसून राहिले. उन्हाचे चौकोन पायांवरून सरकत गुडघ्यांपर्यंत आले होते.

मग बाकीचं सगळं हळूहळू येत गेलं, एखादं दुकान उघडत जावं तसं, एकेक फळी. लेकीकडे ते स्वतः कधीच आत गेले नव्हते. ते बाहेर उभे राहून ऐकलेलं लिहीत होते. ऐकलेला आकडा! कुणी कनिष्ठ निरीक्षक असं वागला असता तर त्यांनी त्याचा अहवाल त्याच्या हातात परत दिला असता. आणि बायको. लेकीकडे तिने सुई-दोरा मागून घेतला होता आणि दर चार-पाच दिवसांनी खिडकीशी त्या आरामखुर्चीत बसून आपल्या कपड्यांच्या शिवणी आत घेत होती. ते समोर बसून पेपर वाचत होते. त्यांना वाटलं होतं, हिला रिकामं बसवत नाही. मोजमापावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत अर्धा अर्धा इंच कमी होत होता आणि तो माणूस पेपरातले भाव वाचून दाखवत होता.

मुलगा साडेपाचला आला. हातपाय धुवायला आत गेला. नळाचा आवाज आला, थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो टॉवेल न घेताच गॅलरीच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, केस कानांपाशी पांढरे, हात ओले.

“बाबा, बदक कुठे गेलं?”

“काढलं.”

“आणि स्क्रू?”

“बसवला.”

मुलाने खाली पाहिलं. लहानपणी काच फोडल्यावर पाहायचा तसंच. हे पोरगं कधी खोटं बोलू शकलं नाही. तोंड उघडायच्या आत कान लाल व्हायचे. लेकीला ते बोलता यायचं, म्हणून तिच्याकडे आकडा तीच बोलायची. याला खोटं बोलता येत नव्हतं म्हणून याने खोटं बनवलं होतं, स्क्रूने, तपासणी विभागाच्या हाताने.

“कधीपासून चाललंय?” काटेसाहेबांनी विचारलं.

“ताईकडे दुसऱ्या आठवड्यात अर्धा किलो कमी भरलं. मग एक. इकडे येईपर्यंत दोनच्या वर गेलं होतं.”

“आणि आता तीन.”

“हो. मी दर दोन-तीन दिवसांनी जरा जरा फिरवतो. पहाटे मोजून बघतो आधी, माझ्यावर.”

“म्हणजे तू स्वतःला प्रमाण धरलंस.”

“तुमच्याकडूनच शिकलो,” मुलगा म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले, पण ते खोट्याने नव्हे.

काटेसाहेबांनी विचारलं, डॉक्टरांना ठाऊक आहे का. मुलाने होकारार्थी मान हलवली. इथला खरा आकडा तो ताईला सांगतो, ताई रोज डॉक्टरांना कळवते. डॉक्टर म्हणाले, आता औषधं वाढवून काही व्हायचं नाही. कुठे जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, तर हा उन्हाळा चांगला आहे. पावसाळ्याचं मला सांगता येणार नाही. एवढं बोलून मुलगा जाळीला हात लावून उभा राहिला. काटेसाहेबांनी मनात आरामखुर्ची जागेवर नेऊन ठेवली. मामेभावाला दारातून आत घेतलं. मेहुणीला मांडीवरून उठवलं. माणसं सुधारली नव्हती. त्यांना सांगितलेलं होतं. सगळ्यांना सांगितलेलं होतं.

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काटा दुरुस्त केला असता.”

तो दुरुस्त झालेलाच होता. तरी ते बोलले. “अरे, पण समोरच्याला आपलं खरं वजन कळायला नको? एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? गिऱ्हाईकाचा तो हक्कच आहे.”

“आई गिऱ्हाईक नाहीये, बाबा.” मुलाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “ती रोज त्या काट्यावरून उतरते ना, त्यानंतर अर्धी पोळी जास्त खाते. मी बघितलंय. आकडा बरा आला की खाते. उद्या तिला तीन कमी दिसले तर ती ती अर्धीही खायची नाही. तुम्ही तो परत फिरवा. नाहीतर मला फिरवू द्या. पण सकाळच्या आत.”

“बघतो,” काटेसाहेब म्हणाले. सरकारी नोकरीत या शब्दाला जे वजन असतं तेवढंच ते त्या वेळी होतं.

त्यांना ती भाजीवाली आठवत होती. बाजाराच्या टोकाला बसणारी म्हातारी, पोत्यावर चार जुड्या, हातात तराजू, आणि किलोच्या वजनाऐवजी एक गोल, गुळगुळीत दगड. खात्याचे लोक तिच्याकडे कधी वळत नसत. काटेसाहेब वळले. दगड पेटीतल्या वजनाशी लावून पाहिला तर तो साठ ग्रॅम जड निघाला. म्हणजे म्हातारी दर किलोमागे साठ ग्रॅम जास्त देत होती, किती वर्षं कोण जाणे. दगड तिच्या सासूच्या वेळेपासूनचा होता. कमी असो की जास्त, खोटं ते खोटं. त्यांनी दगड जप्त केला, तिला नीट समजावून सांगितलं, आणि पुढच्या दुकानाकडे गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी तो किस्सा म्हणून सांगितला. चांगला रंगलाही, मुलं हसली. बायको वाढता वाढता थांबली. ‘तिला सांगितलंत? इतकी वर्षं ती जास्त देत होती ते?’ ते म्हणाले, सांगावंच लागतं, नियम आहे. ‘मग काय म्हणाली ती?’ काही नाही, ते म्हणाले, बसून राहिली. ‘आणि तुम्ही?’ मी काय, मला पुढे अकरा दुकानं होती. बायकोने भात वाढला. त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही, पण त्या बाजाराला जायची वेळ आली की म्हणायची, त्या टोकाकडून नको जायला. तो दगड पुढे कचेरीत कागद उडू नयेत म्हणून वापरला जात होता. चांगला जड होता.

सहा वाजता मंडळी आली. बायको जिना चढून आल्यावर दारातल्या स्टुलावर बसायची, चप्पल काढण्याच्या निमित्ताने, आजही बसली. चप्पल एका हाताने सुटणारी होती, तिने दोन्ही हातांना काम दिलं. “काय केलंत दिवसभर?” तिने विचारलं. “काही नाही,” ते म्हणाले, “बसलो होतो.” ती म्हणाली, “एकट्याने? आणि घर जागेवर आहे?” सून हसली. मुलगा हसला नाही. बायको आत जाताना त्यांच्या खांद्याला हात लावून गेली, आधार घेतेय हे कळू नये इतक्या हलक्या हाताने, आणि त्या हाताचं वजन किती हे त्यांना नको असताना कळलं.

मंडळी जेवणाच्या तयारीला लागल्यावर काटेसाहेब बाथरूममध्ये गेले आणि कडी लावली. काटा उचलून बेसिनवर उपडा ठेवला. तीस वर्षांपूर्वी एका धान्याच्या व्यापाऱ्याने त्यांना विचारलं होतं, साहेब, तुम्ही इतके काटे सरळ केलेत, एखादा वाकडा करता येईल का तुम्हाला? ते म्हणाले होते, हात वळायचा नाही. हात वळला. काहीच जड गेलं नाही, स्क्रू तेल घातल्यासारखा फिरला. पण अंदाजाने सोडवेना. त्यांनी बादली घेतली, दहा लिटर मोजले, काटा चौदावर येतो का पाहिलं. केसभर कमी येत होता, तो केस दुरुस्त केला. आयुष्यातला पहिला खोटा काटा त्यांनी अगदी अचूक खोटा केला. ‘बरोबर आहे’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बदकाचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात ओले झाले होते. ते नातीकडे गेले. ती जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती.

“एक बदक दे.”

“बदकं संपली. बाबाने शेवटचं घेतलं.” तिने चिकटचित्रांचा कागद पुढे केला. “ससा आहे. पण ससा का हवाय तुम्हाला?”

“सरकारी काम आहे.”

“मग दोन घ्या,” नात म्हणाली. त्यांनी एकच घेतला. शून्यापासून पाचापर्यंत ससा बसत नव्हता, कान बाहेर राहत होते. त्यांनी तो तिरका लावला. पूर्वी पास झालेल्या काट्यावर ते शिशावर शिक्का ठोकत. हाही ठोकला, अंगठ्याने.

सकाळी सात वाजता बायको चष्मा लावून बाथरूममध्ये गेली. काटेसाहेब दाराबाहेर वही घेऊन उभे राहिले. मुलगा स्वयंपाकघरात चहाच्या भांड्यासमोर होता, पाठ इकडे, कान इकडे. आत काटा करकरला. उतरतानाची दुसरी करकर आली नाही.

“अहो,” आतून आवाज आला, “जरा आत या. आणि दार लावा.”

ते आत गेले. दार लावलं. ती काट्यावरच उभी होती, एक हात भिंतीला लावून. काटा साडेशेहेचाळीसवर होता, कंपासाच्या टोकासारखा स्थिर.

“काल इथे बदक होतं,” ती म्हणाली.

काटेसाहेबांनी वही मिटली.

“आज त्याचा ससा झालाय. आणि माझं मात्र पाच आठवडे तेच. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. जेवले तरी तेच, नाही जेवले तरी तेच. जो काटा कधी हलतच नाही, त्याला आधी धरावं, असं रोज जेवताना कोण सांगायचं हो आम्हाला?”

“तुला कधी कळलं?”

“लेकीकडेच. ती आकडा आधी बोलायची, मग वाकायची.” ती किंचित हसली. “मला वाटलं तुम्हीही त्यात आहात. मग बघितलं, तुम्ही वहीत लिहिताय. म्हटलं, नाही, हे नाहीत त्यात. यांना नाही जमायचं. आज मात्र ससा बघितला आणि म्हटलं, यांनाही घेतलं वाटतं.”

“काल मी तो बरोबर केला होता,” ते म्हणाले. “दुपारी. मग संध्याकाळी परत…”

“परत चुकवलात.”

“हो.”

“बरोबर चुकवलात ना? तीनच?”

“तीन,” काटेसाहेब म्हणाले. “बादलीने बघितलं.”

“ते आलंच.” तिने भिंतीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. “मग सांगा की. मला कशाला वजाबाकी करायला लावताय सकाळी सकाळी. खरं किती?”

बाहेर चहा उकळल्याचा आवाज येत होता आणि तो कुणी उतरवत नव्हतं. सांगावंच लागतं, नियम आहे. त्यांना पोत्यावरची म्हातारी दिसली, चार जुड्यांमागे, रिकामा तराजू मांडीवर घेऊन. तिला सांगून ते निघून गेले होते, पुढे अकरा दुकानं होती. आता पुढे काहीच नव्हतं आणि बाथरूम इतकं लहान होतं की जायला जागाही नव्हती.

“साडेत्रेचाळीस,” ते म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

तिने मान हलवली. एखाद्या गिऱ्हाइकाने आपला अंदाज ताडून पाहावा तशी. “मला चव्वेचाळीस वाटत होतं. शिवणीत अर्धा पाव इंच कमी घेतला गेला म्हणायचा.” मग काही वेळ ती नुसती त्या तिरक्या सशाकडे बघत राहिली. खालचा ओठ एकदा आत गेला आणि बाहेर आला. काटेसाहेबांनी तिचा भिंतीवरचा हात काढून आपल्या हातात घेतला. तो त्यांनी तोलला नाही. निदान तसा प्रयत्न केला.

“पोरांना सांगू नका मला कळलंय म्हणून,” ती म्हणाली. “त्यांनी केवढी मेहनत घेतलीय. आणि तो चहात साखर विसरतोय दोन दिवस झाले, त्याला म्हणावं, आईला बरं आहे.”

“तू आकडा बघून अर्धी पोळी जास्त खातेस म्हणे.”

“तो बघत असतो ना. म्हणून खाते.” ती जरा मागे सरकली. काट्यावर पुढे एका पावलाएवढी जागा झाली. “या. चढा.”

“दोघं?”

“एकशे तीसपर्यंत आकडे आहेत. मी बघितलेत. एवढं आयुष्य काट्यांवर काढलंत, मला कधी घेतलंत का वर? या, पट्टा राहू दे.”

काटेसाहेब आधी एक पाऊल चढले, मग दुसरं तिच्या पावलांच्या मध्ये कसंबसं बसवलं. पडू नये म्हणून तिने त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांनी तिच्या खांद्यांना. खाली काटा भेदरल्यासारखा धावला, शंभराच्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा गेला. दोघंही हलत होते त्यामुळे त्यालाही थांबता येत नव्हतं. अडुसष्ट आणि साडेत्रेचाळीस आणि वरचे तीन; बेरीज समोर उभी होती, आणि त्यांनी ती पहिल्यांदाच केली नाही. यातलं कुणाचं किती, हे या काट्यावर आता कुणालाही सांगता आलं नसतं, मखमलीची पेटी आणली तरी.

दारावर बोटाने हलकेच वाजलं. “बाबा?” मुलाचा आवाज. “किती आलं?”

काटेसाहेबांनी खाली पाहिलं. तिच्या केसांमुळे काटा दिसत नव्हता.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.